वैरी गावचा साहेब

केलेरानं साहेबाच्या डोक्यामागचा फोटो पाहिला. पांढरं चर्च, पुढं दोन माड, आणि खाली ठसठशीत अक्षरांत गावाचं नाव: नाकोसे.

झालं. फिजीतल्या सुवा शहरात कामासाठी आठ दारांवर डोकं आपटून नववं दार उघडं मिळालं, तर आत साहेब नाकोसेचा!

तिचं गाव वाइतोला. राहायची शहरात, गावी फक्त सुट्टीत. पण आजी नाकोसेवाल्यांना काय काय शिव्या घालते ते तिला तोंडपाठ होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, दुसरं काय!

साहेबाचं नाव पोनिपाते. आडव्या अंगाचा माणूस, चष्मा कपाळावर. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी टेप करून ठेवायच्या, हे त्याच्या ऑफिसचं काम. बाजारात मासा ताजा आहे का बघावं तसा तो तिचा अर्ज उलटापालटा करत होता.

"इतिहास आणि साहित्य," तो म्हणाला. "हे शिकून करतात काय?"

"सगळे हेच विचारतात, सर."

"सगळे म्हणजे कोण?"

"बँकवाला नुसता हसला. पेपरवाल्यानं विचारलं, स्वतःचा कॅमेरा आहे का. हॉटेलवाली म्हणाली, पाहुण्यांना सरबत दे, त्यातच आला इतिहास."

कोपऱ्यात चहा गाळणाऱ्या लिती मावशी फिसकन हसल्या. साहेब हसला नाही.

"आणि आता इथं फुकट राबायचंय."

"ऐंशी तास. त्याशिवाय पदवी देत नाहीत. फॉर्मवर आज चारच्या आत सही पाहिजे." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. अडीच वाजून गेले होते.

"गाव कुठलं तुझं?"

सुवा म्हणून सांगितलं असतं तर खपलं असतं. जन्म इथलाच होता. तोंडापर्यंत आलंही होतं. पण आजीला हे कळलं तर ती जेवायची नाही.

"वाइतोला."

साहेबानं अर्ज टेबलावर आपटला. "तरीच! आल्यापासून माझ्या पेनावर डोळा आहे हिचा. मावशी, कप मोजून ठेवा. चोरांच्या गावची आलीय!"

केलेराचं डोकंच सटकलं. सही गेली खड्ड्यात.

"चोर आम्ही? आमची होडी पळवायला कोण आलं होतं? तुम्हीच! ढकलली समुद्रात आणि वल्ही विसरलात वाळूवर. अख्खं वाइतोला किनाऱ्यावर उभं राहून बघत होतं, तुमचे शूरवीर हातानं पाणी मारत गोल गोल फिरतायत! नको मला तुमची सही!"

तिनं पिशवी उचलली. साहेब तिच्याकडं बघतच राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं, मग खुर्ची, आणि मग तो इतका हसला की चष्मा कपाळावरून खाली घसरला.

"बस गं, वेडे," लिती मावशींनी तिला दंडाला धरून बसवलं. "नाकोसे आणि वाइतोला तौवू आहेत."

तौवू म्हणजे एकाच पूर्वजाची दोन गावं. भेटले की एकमेकांना मनसोक्त शिव्या द्यायच्या आणि रागवायचं नाही. हे फिजीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. केलेरालाही होतं. पण आपलं तौवू गाव कुठलं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. घरच्यांना वाटलं, पोरीला माहीत असेल.

"म्हणजे आजी..."

"लाड करत होती आमचे," साहेब डोळे पुसत म्हणाला. "पण वल्ह्यांचं हे कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"आमच्यात उलटं सांगतात. वल्ही तुम्ही लपवलीत म्हणून." त्यानं टेपांनी भरलेल्या कपाटाकडं हात केला. "एवढ्या सगळ्यांत तुमची बाजू एकाही टेपवर नाही. आम्ही कोणी विचारायला गेलो की तुमची माणसं नुसत्या शिव्या देतात. आजी आहे अजून?"

"आहे. दात नाहीत, पण शिव्या स्पष्ट देते."

"मग पहिलं काम तेच. तिला बोलती कर." त्यानं फॉर्म ओढला आणि सही ठोकली. "सोमवारी आठ वाजता. उशीर केलास तर समजेन, वाटेत कुणाच्या कोंबड्या पळवत होतीस."

"तुमच्यासारखं पकडलं जायची सवय नाही आम्हाला," केलेरा म्हणाली. लिती मावशींच्या हातातला चहा हिंदकळला.

ती बाहेर आली. पायरीवरच बसली, फॉर्म मांडीवर दाबून धरला, आणि घरी फोन लावला.

"आई, साहेब नाकोसेचा निघाला."

"अगंबाई! काय म्हणाला?"

"आपलं अख्खं गाव चोर आहे म्हणाला."

पलीकडं आईनं सोडलेला सुटकेचा सुस्कारा इथवर ऐकू आला. मग ती आतल्या खोलीकडं वळून ओरडली, "अहो, ऐकलंत का? पोरीला जागा मिळाली!"