वीणेकऱ्याचं विमान

हर्सूलच्या बन्सीभाऊंनी प्रतिकृतींच्या स्पर्धेसाठी हातभर लढाऊ विमान बनवलं आणि वैमानिकाच्या जागी वीणेकरी बसवला. पण वीणेची दांडी वर यायची, काचेचं झाकण काही बसेना. झाकण बसलं नाही तर विमान बाद! "वीणा पायाशी ठिवा की," शेजारचे काकासाहेब म्हणाले. "सप्त्यातली वीणा कुणी भुईवर ठिवतं व्हय? दुसऱ्याच्या गळ्यात दिल्याबिगर उतरत नाय." "मग मागच्या शिटावर दुसरा बसवा." बसवला. वीणा त्याच्या गळ्यात गेली, झाकण मागं टेकेना. तेवढ्यात परीक्षक जवळ आले. बन्सीभाऊंच्या पत्नी द्वारकाबाईंनी विमान चाकांवर उभं केलं, झाकण सताड उघडलं आणि पुढं डब्यातला काला ठेवला. "झाकण उघडं का?" परीक्षकांनी विचारलं. "काल्याला उतरलंय, साहेब," द्वारकाबाई म्हणाल्या. " झाकण लावून परसाद कसा घ्यावा?" परीक्षकांनी पेन खिशात ठेवून उजवा हात पुढं केला.