अध्यक्षीय समारोप

विद्यापीठातलं माझं पहिलं जाहीर व्याख्यान, तेही शेवाळावर. सभागृह ओस पडू नये म्हणून आईने झाडून साऱ्या आत्या-मावश्या आणून बसवल्या. विनोद कुठे झाला ते त्यांना कळावं, म्हणून मी बजावून ठेवलं होतं, "मी पाणी प्यायले की हसायचं."

सगळं झकास पार पडलं. मग अध्यक्षीय समारोपाला आमचे विभागप्रमुख उठले. त्यांच्या विनोदांवर आजवर फक्त तेच हसत आलेत. बोलण्याआधी त्यांनी घोटभर पाणी घेतलं आणि पुढच्या दोन रांगा खो खो हसत सुटल्या.

सरांनी ग्लासकडे पाहिलं. आणखी एक घोट घेऊन पाहिला. आत्या डोळे पुसायला लागल्या. मग सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि शिपायाला म्हणाले, "जरा पाण्याचा जग भरून आणता?"