बिनआवाजाचं पडणं

मुलगी पडली, पण आवाज झाला नाही.

सरांनी तिला पुन्हा ढकललं, या वेळी जरा जोरात. हनुवटी छातीला लागली, श्वास बाहेर गेला, आधी खांदा टेकला आणि पोर गोल फिरून थेट भिंतीला पाठ लावून उभी राहिली. सरांकडची मोठी माणसं वर्षभर शिकूनही पोतं टाकल्यासारखी पडत होती. ही जेमतेम दहा वर्षांची, आणि सरांच्या युद्धकलेच्या शाळेत आज पहिलाच दिवस.

"आधी कुठे शिकलीस?"

"कुठे नाही," आईच बोलली. ती दाराशी उभी होती. "पडायचं येतं तिला. उठल्यावर काय करायचं, तेवढं शिकवा."

सरांकडे सुरुवातीचे महिने नुसतं वाकून नमस्कार करायला आणि पडायलाच शिकवत. जपानहून गुरूंच्या गुरूंपासून चालत आलेली रीत होती ती. पण जिला येतंय तिला काय शिकवणार? सर मानेनं हो म्हणाले.

"वेळ दुपारची द्या. आणि तिचा पोशाख इथेच ठेवला तर चालेल ना?"

"का? कुणाला कळायला नकोय का?"

"नको," आई म्हणाली आणि चपला घालून निघाली.

सरांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या विद्येत एक गुरू असताना दुसऱ्याकडे जाणं म्हणजे मोठा गुन्हा. म्हणजे हिचा पहिला गुरू आहे, आणि तोही इथेच कुठेतरी! खाली रस्त्यावरच्या फलकावर लिहिलं होतं, 'परिसरातील एकमेव पारंपरिक जपानी युद्धकला शाळा.' त्यातला 'एकमेव' सरांनी रंगाऱ्याच्या मागे लागून लाल रंगात काढून घेतला होता. मूठभर विद्यार्थी त्या एका शब्दावर टिकून होते. तो शब्द खोटा ठरला तर उद्या कुलूप लावायचीच पाळी.

सरांनी शोध सुरू केला. आधी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले.

"पांढरे पोशाख दुसरं कोण नेतं हो तुमच्याकडून?"

"तुम्हीच नेता," दुकानदार म्हणाला. "तेही उधारीवर."

व्यायामशाळेचा मालक तर हसलाच. "सर, तसली शाळा म्हणजे तुमचीच की. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

सर आणखीच गोंधळले. रात्री जेवताना घास हातातच राहायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, "एवढा घोळ घालण्यापेक्षा त्या बाईलाच विचारा ना सरळ."

सरांनी बाईला नाही, पोरीला विचारलं.

"आईनं शिकवलं," ती म्हणाली.

"आणि आईला कुणी?"

पोर पट्ट्याची गाठ सोडवत बसली. गाठ सुटेना. "आईला बाबांमुळे येतं."

"बरं, पडताना आपण गादीवर हात आपटतो. तू का नाही आपटत?"

"खालच्या मजल्यावर ऐकू जातं."

आता कुठे सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या काळी काही घराणी आपली विद्या घराबाहेर जाऊ देत नसत, हे त्यांनी गुरूंच्याच तोंडून ऐकलं होतं. तसाच कुणी जाणता माणूस हाकेच्या अंतरावर राहतो, आणि आपल्याला पत्ताच नाही! सरांना आधी राग आला, मग चक्क भरून आलं. गुरू गेल्यापासून त्यांचं चुकलेलं दाखवायला कुणी उरलं नव्हतं. रोज सगळे त्यांच्यापुढे वाकत, पण त्यांनी वाकावं असं कुणीच नव्हतं. खड्ड्यात गेला तो 'एकमेव', असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सरांनी इस्त्रीचा सदरा घातला. गुरुजनांकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून संत्री घेतली. सायकलच्या दुकानावरचं तिसऱ्या मजल्याचं घर पोरीनंच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं.

दार उघडलं ते एका हसऱ्या, भरल्या अंगाच्या माणसानं. सर चपला काढून कमरेतून वाकले.

"अहो, अहो, हे काय?" माणूस गडबडला. "आत या ना. बसा."

घर लख्ख होतं, वस्तू जागच्या जागी होत्या. अशी शिस्त पाहून सरांचा आदर आणखी वाढला.

"आपल्याला भेटायचं फार मनात होतं," सर म्हणाले. "मुलगी माझ्याकडे शिकायला येते. पण तिच्या अंगातली तयारी आपली आहे, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

"शिकायला?" माणसाला काही उमगेना. "काय शिकायला?"

"हेच, आपली विद्या. वहिनी रोज दुपारी आणून सोडतात की."

"हो का?" तो पुन्हा हसला. "बघा, मला कुणी बोललंच नाही." मग त्यानं आत हाक मारली, "अगं, सर आलेत. दोघी बाहेर या."

दोघी आल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. आईनं नमस्कार केला नाही. ती सरांकडे पाहतसुद्धा नव्हती. काही चुकलं का आपलं? सरांना कळेना. कोंडी फोडायला त्यांनी संत्र्यांची पिशवी पुढे केली.

"याची काय गरज होती?" माणूस मनापासून म्हणाला. त्यानं पिशवी घेतली आणि वरच्या फळीवर ठेवायला हात उचलला.

भिंतीशी उभ्या असलेल्या आईनं आणि मुलीनं, एकाच वेळी, हनुवटी छातीला लावून श्वास सोडला.