घरी आणणारी

उस्तादांनी काळ्या गाडीच्या बॉनेटवर बोटाच्या पेरांनी तीनदा टकटक केलं आणि कान टेकवला. टायवाल्या सेल्समनने अदबीने बॉनेट उघडून दाखवलं. आत इंजिनच नव्हतं. मऊ कापड लावलेला एक रिकामा खड्डा होता.

"इथे सामान ठेवायचं, काका."

"अरेच्चा! म्हणजे काळजाच्या जागी पिशवी."

लेक हसली. हसता हसता तिने घड्याळ पाहिलं.

उस्तादांच्या कानाचं काय सांगावं! चाळीस वर्षं गॅरेज चालवलं. एकदा फोनवर ट्रकचा खोकला ऐकून त्यांनी बिघाड सांगितला, वर ड्रायव्हरचं सकाळीच बायकोशी वाजलंय हेही सांगितलं. खोटं वाटत असेल तर त्या बाईंना विचारा. गाडी घेणारा आधी उस्तादांकडे यायचा. ते टकटक करायचे, ऐकायचे आणि दोनातला एक निकाल द्यायचे. "ही घरी आणेल", नाहीतर "ही नुसती नेईल". त्यावर अपील नसे, आणि निकाल कधी चुकला नाही.

आज लेकीला तोच निकाल हवा होता. समोरच्या दोन्ही गाड्या, काळी आणि करडी, विजेच्या होत्या, आणि अशा आलिशान की आत बसताना चपला काढाव्याशा वाटाव्यात.

"काळीला वाटेतल्या चार्जरवर अठरा मिनिटं पुरतात," ती म्हणाली. "पण मॉडेल नवीन. चालता चालता समोरचा स्क्रीन काळा होतो म्हणे. नेटवर दोघांनी तरी लिहिलंय."

"अपडेट येतंय, मॅडम," सेल्समन म्हणाला.

"करडी पाच वर्षं रस्त्यावर आहे, एक तक्रार नाही. पण चार्जिंगला गोगलगाय. मला कुठे वेळ आहे हो, बाबा? तुम्हीच सांगा."

वेळ नाही, हे उस्तादांना कुणी सांगायला नको होतं. अडीचशे किलोमीटरवरून ती त्यांना भेटायला यायची आणि चहा उभ्यानेच प्यायची. ती निघताना ते तिच्या जुन्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायचे. अजून गरमच असायचं.

त्यांनी दोन्ही गाड्या चालू करायला लावल्या. हिच्यावर टकटक, तिच्यावर टकटक. कान लावून लावून गाल गार पडला. दोघीही सासरी आल्यासारख्या गप्प. चाळीस वर्षांत त्या कानाला असं कुणी परतवून लावलं नव्हतं.

"बरं," त्यांनी सेल्समनला सहज विचारल्यासारखं विचारलं, "करडी घरच्या साध्या प्लगला लावली तर?"

"तर अकरा तास, काका. रात्रभरच समजा. पण तसं कोण..."

"अकरा," उस्ताद म्हणाले. शब्द जिभेवर गोळीसारखा घोळवला. अकरा तासांत चहा होतो, तोही बसून. जेवण होतं. गप्पा होतात, मग गप्पा संपतात आणि नुसतं बसणं होतं. पलीकडच्या खोलीतला दिवा कुणीतरी मालवतं. सकाळी कुणीतरी विचारतं, बाबा, माझा टॉवेल कुठाय?

ते करड्या गाडीपाशी गेले. या वेळी टकटक केलीच नाही. नुसता हात ठेवला.

"ही घरी आणेल."

लेक त्या हाताकडे बघत राहिली. घड्याळाचा तिला विसर पडला.

"कुणाच्या घरी, बाबा?"

उस्तादांना बॉनेटवर एकाएकी डाग दिसला. नसलेला डाग ते बाहीने पुसू लागले. इतका वेळ पुसला की सेल्समनने फडकं पुढे केलं.

लेक सेल्समनकडे वळली. "हिची वायर किती लांब येते?"

"पाच मीटर, मॅडम."

"पुरते," उस्ताद पटकन बोलून गेले. "खिडकीतल्या प्लगपासून फाटकापर्यंत साडेचारच भरतं."