सौम्य

बायकोच्या चितेला अग्नी देऊन विश्रामरावांनी मडकं फोडलं. भटजी म्हणाले, "आता पालथा हात तोंडावर मारून बोंब मारा."

विश्रामरावांनी हात उचलला. ओठांतून हलकेच आलं, "सगळे आलात, बरं वाटलं."

लोक चपापले. मुलगी शुभदाला मात्र कारण ठाऊक होतं. बाबांच्या डोक्यात बसवलेला एडिटर, एक इवलीशी चिप, प्रत्येक उद्गार ओठांवर येण्याआधी तपासायचा. त्यांच्या संतापाला कंटाळून आईनंच त्याला 'सौम्य' नावाचं प्लगइन जोडलं होतं. आत कितीही आग असो, शब्द निवूनच बाहेर पडायचे.

शुभदानं कंपनीला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता काढा ते!"

"काढतो ना. फक्त ज्यांनी जोडलं, त्यांच्याच आवाजात परवानगी लागेल."

तिनं चितेकडे पाहिलं. शेजारी बाबांनी पुन्हा पालथा हात तोंडाकडे नेला.

"ऊन वाढलं," ते मऊपणे म्हणाले, "निघूया का?"