क्लेमचा सांधा

नळ एकही सुरू नव्हता, तरी पंप घरघरत होता.

नॉरिस पांघरूण फेकून उठला. कालव्यावरच्या त्यांच्या राहत्या बोटीत टाकीतलं पाणी नळाला येतं ते पंपाच्या जोरावर. नळ उघडला की पंप बोलतो, बंद केला की गप्प बसतो. तो आपणहून बडबडायला लागला, म्हणजे पाणी भलतीकडेच निघालं. चार दिवस कालवा गोठलेला होता. आज हेझलनं शेगडीत जास्त कोळसा घातला, बोट जरा उबदार झाली, आणि नळीतला बर्फ वितळून फुटल्या जागेतून वाहू लागला.

"पंप बंद कर आधी!" ओट्याजवळून हेझल ओरडली. "माझे मोजे चिंब झाले!"

त्यानं खटका खाली केला. "टाकीचा नळ कुठंय?"

"पुढच्या टोकाला, पायरीखाली. क्लेमनं त्याला लाल रंग दिलाय बघ."

क्लेम म्हणजे हेझलचा पहिला नवरा. ही बोट आतून त्यानंच उभी केली होती, फळी न् फळी. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. नॉरिस दोन बॅगा घेऊन इथं राहायला आला, त्याला दीड वर्ष. जन्मभर बस चालवलेला माणूस. या दीड वर्षात एकदाही त्याचा हात चुकून कुठल्या खुंटीकडे गेला आणि खुंटी तिथं नव्हती, असं झालं नव्हतं. क्लेमचं हे अचूकपणच त्याला सोसत नव्हतं.

काठावरून शेजारच्या बोटीतल्या डिलिसनं खिडकीवर टकटक केली. "नळी फुटली वाटतं? क्लेम असता तर एव्हाना दुरुस्त करून चहाला बसला असता!"

"तू जा तिच्याकडं," नॉरिस हेझलला म्हणाला. "पाय शेकून ये. मी बघतो."

"एकट्याला जमेल?"

"एकट्यालाच जमेल."

ती गेली. टाकीचा लाल नळ बंद करून त्यानं ओट्याखालची फळी सोडवली. सहा स्क्रू, सहाही एका रेषेत, खाचासुद्धा एकाच दिशेला वळवलेल्या. 'नमस्कार असो,' तो पुटपुटला आणि ओल्या जमिनीवर कुशीवर पडून त्यानं डोकं आत घातलं. खांद्याला बोटीचं लोखंड लागलं. त्याच्यापलीकडे नुसता बर्फ.

आणि मग त्याला तो सांधा दिसला.

बागेला पाणी घालायच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा दोन पाइपांच्या मध्ये कसाबसा कोंबलेला. दोन्हीकडून तारेनं आवळलेला. त्यावर फुलाफुलाच्या कापडाची चिंधी, चिंधीवर चिकटपट्टी, त्या पट्टीवर आणखी जुनी-नवी पट्टी. पाणी त्यातूनच ठिबकत होतं.

नॉरिस बघतच राहिला. मग पडल्या पडल्या एकटाच हसला. दीड वर्षात इतकं बरं त्याला वाटलं नव्हतं.

त्यानं ते गाठोडं कापून काढलं आणि पितळी सांधा बसवायला घेतला. बोटं बधिर झाली होती. नट दोनदा निसटून तळातल्या पाण्यात पडला, दोन्ही वेळा त्यानं कोपरापर्यंत हात घालून तो चाचपून काढला. तासभर गेला. पण काम झालं, आणि चोख झालं.

क्लेमचं गाठोडं मात्र त्यानं टाकलं नाही. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि ते मधोमध ठेवलं. काय बोलायचं तेही मनात घोळवून ठेवलं.

हेझल आली, ती डिलिसचे मोठे मोजे घालूनच.

"बघ," नॉरिस म्हणाला. "तुझ्या क्लेमची कारागिरी."

हेझलनं तो तुकडा उचलला. उजेडाकडे धरला. तिचा चेहरा उतरेल म्हणून तो वाट पाहत होता. पण ती हसायलाच लागली, अशी की तिला बाकावर बसावं लागलं.

"अगं बाई, ही माझ्या झग्याची चिंधी! दर जानेवारीत इथंच फुटायचं, नॉरिस. नऊ हिवाळे. तो गेल्यापासून अशी थंडीच पडली नव्हती. पाण्याचं काम त्याला कध्धी जमलं नाही. तो तिथं आडवा पडून शिव्या घालायचा आणि मी टॉर्च धरायची. मला हसू आवरायचं नाही, टॉर्च हलायची, मग तो मलाच शिव्या घालायचा. एकदा तर आम्ही दोघंही तिथंच, त्या ओल्यात, हसत पडून राहिलो होतो." तिनं डोळे पुसले. "तुला कुणी धरली टॉर्च?"

"दातांत धरली."

"शहाणा आहेस," ती मनापासून म्हणाली. "त्याला एकट्याला हे सात जन्मांत जमलं नसतं."

हेच ऐकायला नॉरिस दीड वर्ष थांबला होता. त्यानं मान हलवली. ती अजून त्या चिंधीवरून अंगठा फिरवत होती.

तो उठला. टाकीचा नळ उघडून पंप सुरू केला. पंप जरा वेळ घरघरला आणि गप्प झाला. नॉरिस पुन्हा जमिनीवर आडवा झाला, आत हात घालून त्यानं नव्या सांध्यावरून बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत.

"हेझल," तो आतूनच म्हणाला, "अजून कुठंतरी गळतंय गं. जरा टॉर्च धरतेस?"

ती गुडघे टेकून त्याच्या शेजारी बसली. उजेड आत पडला.

"कुठं? मला तर काही दिसत नाही."

"दिसेल," नॉरिस म्हणाला. "धरून ठेव जरा."