मध्यंतराचा गुलाल

"अरं पळ की गाढवा! वरातीत आलायस व्हय?" कोल्हापूरच्या स्टेडियमच्या पायरीवर उभे राहून ज्योतिरामअण्णा घसा फोडून ओरडत होते. मध्यंतराला त्यांच्या तालमीचा फुटबॉल संघ तीन-शून्यने पुढे होता. आता तीन-तीन झाले होते, आणि कॅप्टन अजूनही प्रेक्षकांकडे बघून मिशीला पीळ देत होता.

शेवटच्या मिनिटाला चौथा गोल गोलकीपरच्या दोन पायांमधून आरामात आत गेला. पलीकडच्या पेठेची हलगी कडाडली.

अण्णा पचकन थुंकले. "ह्यांच्यापरास आमच्या म्हशी बऱ्या. हाकललं की पळत्यात तरी!"

घरी जाताना कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं हसून हात वर केला. "अण्णा, मारली न्हवं मॅच?" अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं मुकाट्यानं पान लावायला घेतलं. गल्लीत आणखी दोघांनी अभिनंदन केलं. सगळं गाव चेष्टा करायला उठलंय, असं वाटून अण्णांच्या अंगाचा तिळपापड झाला.

दारात बायको उभी होती. "जिंकला जणू?"

"जिंकत्यात कसले! माजलेत सगळे. मॅच संपायच्या आधीच कप मिळाल्यागत नाचायला लागले. कुणी चढवलं ह्यास्नी एवढं?"

"मग तुमच्या अंगावर ह्यो गुलाल कसला?"

अण्णांनी आपले तळवे बघितले. मध्यंतराला मैदानात उतरून, पिशवी फोडून, अकराच्या अकरा कपाळांना त्यांनीच गुलाल फासला होता.

"साबण कुठाय?" त्यांनी हळूच विचारलं.